कोणती सुई चांगली, असं मला विचारतात

कामरगावात आमचं कापडाचं दुकान आहे. गेली तीन-चार वर्षं तिथे कापडापेक्षा माझा गुडघा बघायलाच जास्त लोक येतात, असं मी थट्टेने म्हणतो. येणारा माणूस आधी लुगडं मागतो, दोन-तीन घड्या मोडायला लावतो, आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "फुलचंदभाऊ, तुमी गुडघ्यात सुई घेतली म्हन्ते. कोनती सुई चांगली?" इंझोरीहून लोक येतात, मानोऱ्याकडूनही येतात. एक बाई तर नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आली आणि म्हणाली, "याईले दाखवा तुमचा पाय, मंग याईच्या डोक्यात उजेड पडंन."

मी पाय दाखवतो. लाकडासारखा तो सरळ असतो, थोडासाच वाकतो. मग मी त्यांना सुयांचं सांगतो. आत्तापर्यंत जे सांगत आलो ते खरं होतं, पण पुरं नव्हतं. उरलेलं माझ्या घरातल्या माणसाशी बांधलेलं होतं, म्हणून मी गिळून टाकत होतो. आता त्या माणसानेच सांगितलं म्हणून लिहितो आहे.

गादी

आमच्या धंद्यात दुकानदार गादीवर बसतो. मांडी घालून, मागे तक्क्या, पुढे गिऱ्हाईक, आणि मधल्या जागेत कापड. वडील असेच बसले, मीही मिसरूड फुटायच्या आधीपासून असाच बसलो. जैनाच्या दुकानात मालक खुर्चीवर आणि गिऱ्हाईक खाली, हे कुणी बघितलं असतं तर गावाने महिनाभर तोच विषय चघळला असता.

पन्नाशी जवळ आली तसा उजवा गुडघा बोलायला लागला. जात्यात खडा आल्यावर येतो तसला आवाज. दुपारी गादीवरून उठलो की तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत जायचा आणि माझी बायको कमल ताट वाढायला घ्यायची. "हाक मारायचं काम नाही तुमाले," म्हणायची. आम्ही दोघेही हसायचो. मग एक दिवस उठताना मी खांबाला धरलं आणि बराच वेळ सोडू शकलो नाही. त्या दिवशी ती हसली नाही.

कारंज्याला एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गुडघ्यावर तळहात ठेवला आणि पाय हळूहळू वाकवायला सांगितलं. त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं, हे माझ्या पायातलं काहीतरी ऐकत आहेत आणि ते चांगलं नाही.

"हाडावर हाड घासतंय," ते म्हणाले. "मधली गादी झिजली."

मी म्हणालो, "दुकानातली तं शाबूत हाय."

ते हसले नाहीत. "ती दुकानातली सोडा आता. खुर्ची घ्या."

"बरा होईन का?"

"बरा नाही होणार. सांभाळता येईल."

परत येताना बसमध्ये मला माणसं दिसेनात, नुसते गुडघे दिसायला लागले. कंडक्टर दोन आसनांमध्ये कसा वळतो, थांब्यावर म्हातारे उकिडवे बसून बिड्या कसे ओढतात. एक बाई लेकरू काखेत घेऊन पायरी चढली आणि तिच्या गुडघ्याचा आवाज आला नाही, याचंच मला नवल वाटलं. घरी गेल्यावर मी कमलला एवढंच सांगितलं की हाड झिजलं आहे, वयाप्रमाणे होतं. खुर्चीचं बोललो नाही.

कंबरेवरची आणि गुडघ्यातली

आधी मी घेतली ती लाल सुई. ती गावातच मिळायची. औषध डाळिंबाच्या रसासारखं लाल, त्यामुळे माणसाला ते बघूनच ताकद आल्यासारखं वाटतं. ती कंबरेखाली टोचतात. दर आठवड्याला जायचो. पहिल्या दोन-तीन वेळा बरं वाटलं, कारण टोचलेली जागा इतकी ठणकायची की गुडघ्याकडे लक्ष जायचं नाही. ती सुई वाईट असं मी म्हणत नाही. अशक्त माणसाला तिचा उपयोग होत असेल. पण माझ्या गुडघ्यापर्यंत ती कधी पोचलीच नाही.

मग कारंज्याच्या डॉक्टरांनी थेट गुडघ्यात सुई दिली. आतलं औषध पाणी घातलेल्या दुधासारखं होतं. सुई आत जाताना दुखत नाही तितकं औषध पसरताना दुखतं. आपल्या शरीरात इतकी पोकळ जागा आहे आणि तिथे कुणीतरी शिरतं आहे, ही जाणीव फार वाईट. दोन दिवस गुडघा फुगला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, उभा राहिलो आणि आवाज आला नाही.

घरातलं रोज खोकणारं म्हातारं माणूस एकदम गप्प झालं तर आपण त्याच्या खोलीत डोकावतो, तसा मी पुन्हापुन्हा पाय वाकवून बघत राहिलो. दुखत नव्हतं. आनंद व्हायला पाहिजे होता आणि झालाही. पण त्याच्याखाली एक भीती होती. हा गुडघा माझा नाही, थोड्या दिवसांसाठी कुणीतरी वापरायला दिला आहे, असं वाटायचं. कमल दुपारी ताट वाढायला विसरायची, कारण तिला आवाजच येत नव्हता.

डॉक्टरांनी बजावलं होतं की दुखलं नाही तरी मांडी घालू नका. लग्नसराई होती. मी अख्खी लग्नसराई गादीवर मांडी घालून काढली. लग्नं संपली आणि उन्हाळ्याच्या शेवटी तो आवाज परत आला, आधीपेक्षा मोठा. पुन्हा तीच सुई घ्यायचं ठरलं.

बाजाराचा दिवस

इथे मला आमच्या घरच्या पाण्याविषयी सांगावं लागेल.

आमच्यात पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत. जाड मांजरपाट दुहेरी करून घागरीच्या तोंडावर धरायचा आणि विहिरीचं पाणी त्यातून सावकाश ओतायचं. त्या फडक्याला आम्ही गाळणं म्हणतो. पाण्यातले बारीक जीव गाळण्यावर राहतात. त्यांना मारायचं नाही. गाळलेल्या पाण्याने ते फडकं उलटं करून एका लहान भांड्यात धुवायचं आणि ते पाणी परत त्याच विहिरीत सोडायचं. वरून फेकायचं नाही, जिवांना मार लागेल म्हणून दोराने खाली नेऊन अलगद सोडायचं. त्याला जिवाणी म्हणतात. कमलने लग्न होऊन आल्यापासून हे एक दिवसही चुकवलं नाही. ती विहिरीवरून आली की मी चिडवायचो, "पोचवून आली का साऱ्यायले घरी?" ती म्हणायची, "तुमी नका हसू, त्यायलेबी जीव हाय."

गाळणं माझ्याच दुकानातलं. दर वर्षी पर्युषणाच्या आधी नवीन ताक्यातून मी स्वतः फाडून द्यायचो. आमच्या घरात त्याच्याइतकं शुद्ध दुसरं कापड नाही. त्याला खरकटा हात लागत नाही, त्याने कुणी तोंड पुसत नाही.

त्या उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला होता. पाण्याला रंग होता आणि वास होता. कमल गाळणं रोज घासून पांढरंशुभ्र करायची आणि दोरीवर टाकायची.

बाजाराच्या दिवशी कारंज्याचे डॉक्टर जीपने गावात यायचे आणि आमच्या ओसरीवर रोगी तपासायचे. आमची जुनी ओळख, जागा ऐसपैस, म्हणून ते ठरूनच गेलं होतं. त्या दिवशी त्यांचा कंपाउंडर आला नव्हता. माझी पाळी आली तेव्हा उकळलेल्या सुया संपल्या होत्या. त्यांनी काचेची पिचकारी आणि सुई कमलच्या हातात दिली. "बाई, एवढं उकळून द्या. चांगलं खळखळ उकळा."

मी ओसरीवर धोतर वर सारून बसलो होतो. तिथून चूल दिसत होती. कमलने पाणी आधी गाळलं, मग उकळलं, आणि सांगितलं होतं त्याहून जास्त वेळ उकळू दिलं. चिमट्याने सुई बाहेर काढली. ती ओली होती. तिने इकडेतिकडे बघितलं. खुंटीला पंचा होता, तिने घेतला नाही. पदर होता, तोही लावला नाही. दोरीवरून गाळणं काढलं. ते जरा ओलसर होतं. त्याच्या टोकाने तिने सुई पुसली, पिचकारी पुसली, ताटलीत तेच फडकं घडी करून अंथरलं आणि दोन्ही वस्तू त्यावर ठेवल्या. देवापुढे नैवेद्य आणावा तशी ती ताटली घेऊन आली.

मी हे सगळं बघितलं. मला बरं वाटलं. जगात कुणी इतक्या शुद्ध सुईने टोचून घेतलं नसेल, असं मनात आलं. डॉक्टर एका म्हातारीशी बोलत हात धूत होते. त्यांनी ताटलीतून सुई उचलली, काही विचारलं नाही.

आत काहीतरी

एक-दोन दिवस फुगला तेव्हा वाटलं, मागच्यासारखंच. मग फुगवटा उतरला नाही. गुडघा लाल झाला, तापला. थंडी वाजून ताप भरला. पांघरुणाचं टोक जरी गुडघ्यावर आलं तरी ओरडावंसं व्हायचं. आणि आत ठोके पडत होते. छातीतले ठोके वेगळे आणि हे वेगळे. मी कमलला म्हणालो, "आत काहीतरी हाय. जितं हाय." तिने ताप आहे म्हणून कपाळावर पट्टी ठेवली. पट्टी ओली होती, पांढरी होती, आणि मला एकदम ती ताटली आठवली. मी पट्टी काढून फेकली. तिला वाटलं, ग्लानीत आहे.

तोपर्यंत मला कळलं होतं. कसं कळलं ते सांगता येत नाही. विहिरीचा तळ, त्यातलं हिरवं पाणी, गाळण्यावर वळवळणारं बारीकसारीक जे ती रोज इतक्या मायेने परत नेऊन सोडायची, ते यावेळी विहिरीत गेलं नाही. माझ्यात आलं.

जीपने अकोल्याला नेलं. कारंज्यापर्यंतच्या रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला कमल माझा पाय दोन्ही हातांनी उचलून धरत होती.

अकोल्याच्या डॉक्टरांनी जाड सुईने गुडघ्यातून पू काढला. भांड्यात पडलेला तो पू मी बघितला, कमलनेही बघितला. पाय वाचेल की नाही हे आत्ता सांगता येत नाही, असं ते सरळ म्हणाले. गरज पडली तर कापावा लागेल, नाहीतर विष वर चढेल. मग त्यांनी विचारलं, "सुई कुठे घेतली?"

कमल पुढे झाली. तिच्या आवाजात अजून अभिमान होता. "घरीच देल्ली डॉक्टरसायबानं. पन सुई मी सोता उकयली, साहेब. लय येळ उकयली."

"उकळली ते ठीक. उकळल्यावर पुसली का? कशानं पुसली? ओलं फडकं कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यात जंतू असतात, बाई. पाण्यात असतात तेच."

कमलने बोलायला तोंड उघडलं.

"कापसानं," मी म्हणालो. "डॉक्टरच्या डब्यातल्या."

कमलने माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मला वाटलं, सुटली. तापात काहीतरी बरळतो आहे असं तिला वाटलं असेल, आणि डॉक्टर काय म्हणाले ते तिच्या लक्षातही आलं नसेल. दुकानात आयुष्यभर एक भाव सांगितला, पण ते खोटं बोलताना माझी जीभ अडखळली नाही.

दिस बुडून राह्यला

मग तिसऱ्या तऱ्हेच्या सुया. ठरलेल्या वेळी नर्स यायची आणि कंबरेवर टोचायची, आणि एक दिवसाआड गुडघ्यातून पाणी काढायचे. या सुया बरं करणाऱ्या, जीव वाचवणाऱ्या. पण माझ्या अंगाला त्यांची इतकी दहशत बसली होती की ट्रेचा आवाज दाराबाहेर आला की पाय आपोआप आखडायचा. कमल उशाशी बसायची. एकदा तिने नर्सला विचारलं, "यानं आतले सारेच मरतीन का?" नर्स म्हणाली, "मरायलाच पाहिजेत, मावशी." कमल उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

शेजारच्या खाटेवर मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा देवसिंग नावाचा माणूस होता. पायात मोठा काटा मोडला, तो चिघळला आणि गुडघ्याखालून पाय गेला. तो बोलायला मोकळा होता. "शेट, पाय दुखून राह्यला," म्हणायचा आणि चादर सपाट पडलेल्या जागेकडे बोट दाखवायचा. मी तिकडे बघायचं टाळायचो. ती सपाट चादर मला माझ्याच खाटेवर दिसायची.

त्याच देवसिंगला कळलं की आम्ही सूर्यास्तानंतर जेवत नाही. माझ्या खाटेवरून सूर्य दिसत नव्हता, त्याच्या दिसत होता. तो रोज संध्याकाळी मान वळवून बघायचा आणि हाक द्यायचा, "शेट, दिस बुडून राह्यला. जेवून घ्या." कमल डबा कुठे ठेवला ते विसरली असली तर तेही तोच सांगायचा. त्या दवाखान्यात इतकी माया मला दुसऱ्या कुणी लावली नाही. तो घरी गेला तेव्हा त्याच्या खाटेवर बरेच दिवस कुणी आलं नाही. तरी दिवेलागणीच्या आधी ती हाक मला यायची. अजून येते. दुकान आवरताना एकदम ऐकू येते आणि मी जेवायला उठतो.

पाय राहिला. गुडघा गेला. आतून सगळं आक्रसून तो जवळजवळ सरळच धरला. डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहात." ते खरंच होतं.

झाकण

दुकानात खुर्ची आली. गावाने दोन दिवस चघळलं आणि सोडून दिलं. कारंज्याच्या डॉक्टरांनी ओसरीवर सुया देणं बंद केलं. ते मला भेटून गेले. मी त्यांनाही काही सांगितलं नाही.

परत आल्यावर काही दिवसांनी मला स्वयंपाकघरातून एक आवाज यायला लागला. उकळत्या भांड्यावरचं झाकण थडथडतं तो. रोज सकाळी, पाणी भरून झाल्यावर. आमच्याकडे प्यायचं पाणी उकळतातच, म्हणून आधी लक्ष गेलं नाही. पण हा आवाज त्यानंतरचा, वेगळ्या भांड्याचा होता. ऐकला की माझ्या गुडघ्यात तेच ठोके पडायचे. उठून बघायला मला वेळ लागतो, आणि खरं म्हणजे बघायचंही नव्हतं.

पर्युषण संपल्यावर आमच्यात सगळे एकमेकांची क्षमा मागतात. कमलही दर वर्षी हात जोडून समोर यायची. "कयत-नकयत काई चुकलं असंन तं क्षमा करा." मी दर वर्षी तेच उत्तर द्यायचो, "भाजीत मीठ जास्त होतं तेवढं सोडून साऱ्याची क्षमा." ती हसायची आणि जायची.

यंदा ती आली तेव्हा मी आतच होतो. चुलीवर झाकण थडथडत होतं आणि त्याच्या कडेने पांढऱ्या कापडाचं टोक बाहेर आलं होतं. मांजरपाट. माझ्या ताक्यातला.

तिने हात जोडले, तेच वाक्य म्हटलं. मला मीठ आठवलं नाही.

"हे गायनं काहून उकयून राह्यली तू?" मी विचारलं.

तिने हात खाली घेतले नाहीत. "जिवानी सोडून येतो आधी. मंग उकयतो. जे मांगं राहून जातात ते मरतात. त्यायचीबी क्षमा मांगतो रोज."

"तुले कोनं सांगितलं?"

"तुमीच. तुमी अकोल्याले कापूस म्हनाले, तवाच समजलं मले. तुमी गिऱ्हाइकाले खोटं सांगत नाही. माह्यासाठी बोल्ले, म्हंजे माह्याच हातानं झालं."

इतकी वर्षं ती दर पर्युषणाला खरोखरीची क्षमा मागत होती आणि मी मिठाचं बोलत होतो.

"मंग बोल्ली काहून नाही?"

"तुमी झाकून ठेवलं होतं. मी कायले उघडू?"

मला तिच्यासमोर खाली बसायचं होतं. गुडघा वाकला नाही. मी भिंतीला धरून उभा राहिलो आणि हात जोडले. मी तिला वाचवलं असं समजत होतो, आणि तिला त्या झाकणाबरोबर एकटीला सोडून दिलं होतं. हे मी तिला बोलून दाखवलं. दोघेही रडलो.

मग डोळे पुसून ती म्हणाली, "लोक सुईचं इचारतात तवा तुमी अर्धंच सांगता. मले आतून आयकू येते. पुरं सांगत जा. जमलं तं लिवा. कोनाच्या तरी घरी असंच धुतलेलं फडकं दोरीवर असंन."

म्हणून लिहिलं. लाल सुई गुडघ्याला लागू पडत नाही. गुडघ्यातली सुई काही महिने देते, नवा गुडघा देत नाही, आणि त्या महिन्यांत गुडघ्याला जपावं लागतं. ती डॉक्टरच्या जागी घ्यावी, ओसरीवर नाही. उकळलेल्या सुईला नंतर काही लावू नये, देवाचं वस्त्रसुद्धा नाही. आणि गुडघा तापला, अंगात ताप आला, तर त्याच दिवशी निघावं.

परवा इंझोरीचा एक माणूस आला. लुगड्याच्या दोन घड्या मोडून झाल्या आणि त्याने आवाज खाली आणला. मी त्याला सांगायला सुरुवात केली, आणि या वेळी गाळण्यापासून केली. आतलं झाकण थडथडायचं थांबलं. तिने भांडं खाली उतरवलं होतं आणि ती दाराशी येऊन ऐकत होती.